घरातला पहिला लेखनिक : खानदेश आणि विद्यार्थ्यांचे लेखन

विद्यार्थिदशेत केलेले लेखन हा विषय मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातील कथा-कविता म्हणजे उमलत्या वयाची हौस. पुढे कोणी मोठा लेखक झालाच तर त्याच्या चरित्रात एका ओळीची नोंद, एवढीच तिची किंमत. पांढरपेशा वर्गापुरते हे खरेही असेल. ज्या घरात चार पिढ्या पत्रे, जमाखर्च, रोजनिशा लिहिल्या गेल्या, त्या घरातील मुलाने महाविद्यालयात जाऊन एक कथा लिहिली तर घरच्या दप्तरात एका कागदाची भर पडते, इतकेच. परंतु ज्या घरात त्याच्या आधी कोणी अक्षर गिरवले नाही, त्या घरातील मुलाची पहिली कथा ही त्या घराने स्वतःविषयी स्वतः लिहिलेली पहिली ओळ असते. त्यापूर्वी त्या घराविषयी जे लिहिले गेले ते दुसऱ्यांनी : तलाठ्याने, सावकाराने, फौजदाराने. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर दलित साहित्याच्या आरंभी विद्यार्थी आणि वसतिगृहे का आहेत याचा उलगडा होत नाही.

खानदेशातलेच उदाहरण घेऊ. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी उतरवून घेतली. सोपानदेव स्वतः कवी. 1951 मध्ये बहिणाबाई वारल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये याच निरक्षर कवयित्रीचे नाव देण्यात आले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या कथेत वहीचे आणि लेखणीचे जे स्थान आहे त्याकडे आपण पाहतो का? त्याच काळात, त्याच शिवारात निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या महार-मांगांच्या बायाही जात्यावर गात होत्या. त्यांच्या ठायी प्रतिभा नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्या घरात सोपानदेव नव्हता.

म्हणून दलित विद्यार्थी जेव्हा लिहू लागला तेव्हा त्याच्यावर दोन कामे एकदम येऊन पडली. स्वतःचे मन मांडणे हे एक, आणि आईबापांचा लेखनिक होणे हे दुसरे. सवर्ण विद्यार्थी-लेखकाला दुसरे काम नव्हते. आपल्या कथांवर 'यात कला कमी, हकिकत जास्त' असा जो आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला, त्याचे उत्तर या दुहेरी कामात आहे.

आता भुसावळकडे येऊ. हे रेल्वेने घडवलेले गाव. मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथे दुभंगते. एक वाट नागपूरकडे, दुसरी खंडव्यावरून उत्तरेकडे. नागपूरपर्यंतचा मार्ग 1867 मध्ये खुला झाला. लोको शेड, यार्ड, कोळसा, रुळांची गँग यांतून गावकीबाहेरचे रोख पगाराचे काम महारांना मिळाले. येसकरी सुटली, पण जात सुटली का? 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच भाषणातला एक तपशील मात्र फार कोणाच्या लक्षात नसतो. अस्पृश्य हा गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरही करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. रुळावर चालतो, उंबऱ्यात नाही. रेल्वेच्या गावातील आमच्या पहिल्या शिकलेल्या पिढीने हे बापाच्या तोंडून ऐकलेले होते.

या पिढीला खानदेशात शिकायला जागा नव्हती असे नाही. 1945 च्या सुमारास जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप ही महाविद्यालये सुरू झाली, आणि 1960 नंतरच्या काही वर्षांत भुसावळलाही महाविद्यालय आले. अमळनेरला तर त्याही आधीची एक परंपरा होती. तेथील शाळेच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढीत. वसतिगृह आणि हस्तलिखित एकाच छपराखाली आले की मुले लिहू लागतात, हे गुरुजींनी ओळखले होते. 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करणाऱ्या त्या माणसाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या परंपरेतील वात्सल्य हे वरून खाली येणारे होते. आमच्या मुलाला कोणी डोळे पुसायला नको होते. त्याने लिहिलेले छापणारा हवा होता.

तो छापणारा औरंगाबादला निघाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि 1950 मध्ये औरंगाबादला दुसरे, तेच पुढे मिलिंद. नागसेनवनातील त्या माळरानावर वर्ग आणि वसतिगृहे शेजारी शेजारी उभी राहिली. भुसावळहून तेथे जायचे तर मोठ्या गाडीने मनमाडला उतरायचे आणि निजामाच्या काळात टाकलेल्या मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसायचे. मनमाड-औरंगाबाद मार्ग मोठा झाला तो थेट 1990 नंतर. म्हणजे दलित साहित्याची सारी पहिली लाट ही गाडी बदलून प्रवास करणाऱ्यांची आहे! ज्यांचा बाप रेल्वेत होता त्यांना पासाचा आधार होता, बाकीच्यांना 1944 पासून सुरू झालेल्या भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा. तोही 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या हातून गेला. महाराष्ट्र राज्याने 1960 पासून आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राला त्यासाठी 1990 साल उजाडावे लागले.

मिलिंदमध्ये वेगळे काय घडले? 1955 मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक तेथील विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. दलितांच्या शोषणाचा युगानुयुगांचा प्रवास त्यात होता आणि तो साकार करणारी मुले त्या प्रवासाच्या शेवटच्या टोकाला उभी होती. लेखक मात्र दलित नव्हता. त्यानंतरचे पाऊल मुलांनी स्वतः लिहिण्याचे. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी निग्रो लेखकांचे वाङ्मय — तेव्हा हाच शब्द रूढ होता — विद्यार्थ्यांपुढे ठेवले. स्वतःच्या अपमानावर लिहिणे हे लाजिरवाणे नसून वाङ्मय आहे, याला त्यांनी जगातला दाखला दिला. 1967 मध्ये 'अस्मिता' हे त्रैमासिक निघाले आणि लवकरच गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ते 'अस्मितादर्श' झाले. विद्यार्थ्यांच्या वार्षिक अंकातून त्रैमासिकात, आणि त्रैमासिकातून पुस्तकात असा रस्ता पहिल्यांदा तयार झाला. प्र. ई. सोनकांबळे हे मिलिंदचे विद्यार्थी. पुढे औरंगाबादलाच इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्यांचे 'आठवणींचे पक्षी' 1979 चे. पोटाच्या भुकेविषयी इतक्या साध्या आवाजात लिहिलेले पुस्तक मराठीत दुसरे नसावे. त्यातला मुलगा नातेवाइकांच्या दारांवरून फिरत फिरत शाळा करतो. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने ते पुस्तक आपल्या बोलीत लिहिले, यात वसतिगृहाचा वाटा किती, हे तपासण्यासारखे आहे.

खानदेशाने विद्यार्थ्याची कादंबरी दिली नाही असे नाही. मराठीतील विद्यार्थिजीवनाची सर्वांत गाजलेली कादंबरी खानदेशचीच. 'कोसला' 1963 ची. भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातील सांगवीचे. भुसावळहून ते गाव दूर नाही. पंचवीस वर्षांच्या या तरुणाने पुण्याच्या वसतिगृहात, खाणावळीत, वक्तृत्वमंडळात भरकटणारा पांडुरंग सांगवीकर उभा केला आणि मराठी गद्याला बोलायला लावले. त्याबद्दल तिचे श्रेय कोणी नाकारू नये. प्रमाण मराठीची इस्त्री तिने मोडली, याचा फायदा पुढे आम्हालाही झाला. परंतु पांडुरंगाला नापास होणे परवडते. बापाशी भांडून का होईना, पैसे येतात. शिक्षण फसले तर गावाकडे शेत आणि वाडा आहे. त्याला सगळे निरर्थक वाटू शकते, कारण त्याचे सगळे शाबूत आहे. आमच्या विद्यार्थ्याने एक वर्ष गमावले तर शिष्यवृत्ती जाते आणि तो परततो तो कोणाच्या तरी बांधावर. निरर्थकतेची जाणीव ही सुद्धा जमिनीच्या उताऱ्यावर उभी असते, असे म्हटले तर ते अतिरेकी ठरू नये.

त्याच 1963 साली बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. बागूल पदवीधर नव्हते. पण त्यांच्या शीर्षककथेतला नायक सुशिक्षित तरुण आहे, त्याला कवितेचे वेड आहे, आणि तो रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला येतो. उधन्याहून निघालेली गाडी तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला मुख्य मार्गाला मिळते. म्हणजे ही आमच्याच रुळावरची कथा आहे. खोली मिळावी म्हणून तो जात लपवतो, आणि जात उघड होते तेव्हा मार खातो. पांडुरंगाला 'मी कोण' हा प्रश्न पडतो. बागूलांच्या नायकाला तो घरमालक विचारतो. एकाच वर्षी निघालेली ही दोन पुस्तके विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात शेजारी शेजारी लावून शिकवली, तर निम्मे काम होईल.

भाषेविषयी दोन शब्द. पूर्व खानदेशात तावडी, पश्चिमेकडे अहिराणी, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत त्यात हिंदीची भर. आमच्या मुलाच्या घरात ही बोली. परीक्षेत मात्र पुण्याची मराठी. त्यामुळे वार्षिक अंकासाठी तो लिहायला बसला की प्रथम चंद्र, प्रीती, तळ्याकाठची संध्याकाळ येई. वस्तीत तळे नसले तरी येई. याला मी अनुकरण म्हणून हसणार नाही. लिहिणे म्हणजे असे लिहिणे, हे त्याला पाठ्यपुस्तकाने शिकवले होते. हा उसना साज केव्हा गळून पडला? ज्या मुलांनी वाचनालयात बागूल वाचले, 1972 नंतर मुंबईच्या वडाळ्यातील सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या वातावरणात वाढलेल्या पँथरचे लेखन वाचले, त्यांचा बहुधा तेव्हा. पण वर्षावर्षाने हा बदल कसा झाला हे सांगणारा पुरावा पुस्तकांत सापडणार नाही, कारण पुस्तके निवडक असतात. तो वार्षिक अंकांतच सापडेल.

मुलींचा विचार केल्याशिवाय तर हा इतिहास लंगडाच. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी 1981 मध्ये 'अंतःस्फोट' मध्ये आपण संस्कृत कसे शिकलो ते लिहिले. दलित मुलीने संस्कृतची एम. ए. व्हावे आणि त्याबद्दल तिचे कौतुक होताना त्या कौतुकातच जात डोकवावी, हे त्यांनी जितक्या नेमकेपणाने टिपले तितके कोणा पुरुषाने टिपले नाही. खानदेशातून असे पुस्तक त्या काळात पुढे आले नाही. मुली महाविद्यालयांत होत्या. अंकांत त्यांच्या कविताही असणार.

आणि सातपुड्याच्या पायथ्याचे काय? शहाद्याचे वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह 1987 चा. त्यांना घडवले ते 1972 पासून त्या भागात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या लढ्याने. भिलांच्या बाबतीत विद्यापीठाचे काम संघटनेला करावे लागले, असा याचा अर्थ होतो. आणि 1990 मध्ये विद्यापीठ आले तेव्हा हा कवी आधीच उभा होता.

आता वार्षिक अंकांची आजची अवस्था पाहू. ते फार तर काही शेकड्यांत छापले जात. ग्रंथालये पुस्तकांची दाखल-नोंद करतात; स्वतःच्याच महाविद्यालयाचा अंक मात्र अनेक ठिकाणी दाखल होत नाही, आणि जागेची अडचण झाली की गठ्ठे रद्दीत जातात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून 27 जुलै 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंत ज्यांनी घरे जाळून घेतली, लाठ्या खाल्ल्या, त्यांतले कितीतरी जण विद्यार्थी होते, आणि त्यांतले काही लिहीतही होते. त्यांचे लेखन कोठे आहे हे विचारायला गेले की आपण पुन्हा तलाठ्याच्या आणि फौजदाराच्या दप्तरापाशी येऊन थांबतो. गुन्ह्याची नोंद मिळते, कविता मिळत नाही.

1960 ते 1990 या काळात खानदेशातील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे बहुतेक प्राध्यापक आता निवृत्त आहेत, काही हयात नाहीत. वार्षिक अंकाचे संपादन ज्यांच्याकडे होते त्यांच्या घरी संच असण्याचा संभव आहे. भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे एवढी चार गावे धरली तरी दोन-तीन विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरेल इतके हे काम आहे. शोधताना मोठी नावे शोधू नयेत. ज्या कथेत आई भाकरी मागून आणते, बाप रुळावरून घरी येतो, आणि खाली नुसते नाव व त्यापुढे 'प्रथम वर्ष कला' एवढेच छापलेले असते, ती उतरवून घ्यावी.