जपानातील थंड कॉफीची कुळकथा

इतिहास म्हटला की राजवंश, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु सामान्य माणसाच्या घशाखाली रोज काय उतरते, यालाही इतिहास असतो, आणि दरबारी कागदांत न सापडणाऱ्या पुष्कळ गोष्टी तेथे सापडतात. जपानातील थंड कॉफी हा विषय वरवर पाहता हलका वाटेल. पण श्रोत्यांनी थोडा धीर धरावा. एका लहानशा डब्याच्या मागे जग किती दूरवर पसरलेले असते, ते पाहण्यासाठीच आम्ही तो निवडला आहे.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही ओसाका येथे होतो. मुंबईच्या ऑक्टोबरची आठवण व्हावी असा दमट उकाडा होता. स्टेशनाच्या फलाटावर एक यंत्र उभे होते. काचेआड डब्यांच्या रांगा. थंड पेयाखाली निळी पट्टी, गरम पेयाखाली तांबडी. उन्हाळा असल्यामुळे बहुतेक सारे निळेच होते. आम्ही नाणी टाकली, कळ दाबली, आणि खालच्या खणात धाडकन एक डबा येऊन पडला. पहिला घोट घेतला तो इतका गोड आणि दुधाळ, की ही कॉफी कसली, कॉफीचा वास दिलेले दूध म्हणावे, असे आमच्या तोंडून निघून गेले. आमचे यजमान, एक निवृत्त प्राध्यापक, हसून म्हणाले, "तुम्ही हिला कॉफी समजून पिता, म्हणून फसता. ही 'कान-कोही', म्हणजे डब्यातली कॉफी. ती निराळी वस्तू आहे."

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही रोज एक नवा प्रकार घेऊन पाहिला. साखर-दुधाचा स्पर्शही नसलेली, काढ्यासारखी काळीभोर कॉफी प्यालो. आटवलेले दूध घातलेली, टोकियोच्या पूर्वेस चिबा प्रांतात फार आवडीने पितात ती 'मॅक्स कॉफी' प्यालो. ती तर आपल्या बासुंदीची धाकटी बहीण शोभेल. कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फाने भरलेला पेला विकत घेतला, तो यंत्राखाली ठेवला, आणि ताजी काढलेली गरम कॉफी त्या बर्फावर पडून क्षणात थंड झालेली पाहिली. प्रत्येक घोटाबरोबर एकच प्रश्न मनात येई : चहाला जवळजवळ धर्माचे स्थान देणाऱ्या या देशात हे परके, कडू पेय रुजले कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की प्रथम नागासाकीला जावे लागते. जपानचा युरोपशी संबंध जुळला त्यात गोव्याचा मोठा वाटा होता. गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरला, आणि गोव्याच्या सत्तेखालील पोर्तुगीज जहाजे पुढे नागासाकीला नियमाने येऊ लागली. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना बंदी केली. १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर कोंडल्यासारखे ठेवण्यात आले. हे डच स्वतःसाठी कॉफी आणीत. ओता नाम्पो हा त्या काळचा नामांकित विनोदी कवी सरकारी कामगिरीवर नागासाकीला आला असता, १८०४ साली, त्याला डच जहाजावर कॉफी देण्यात आली. बिया काळ्या होईतो भाजून, दळून, पांढरी साखर मिसळून करतात, असे त्याने नोंदविले, आणि पुढे असा अभिप्राय दिला की तिला जळका वास येतो व चव सहन होत नाही. जपानी माणसाने कॉफीविषयी लिहिलेल्या अगदी पहिल्या अभिप्रायांपैकी हा एक. तो निखालस प्रतिकूल आहे!

१८५९ मध्ये बंदरे उघडली, १८६८ मध्ये मेइजी राजवट आली, आणि पाश्चात्त्य वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १३ एप्रिल १८८८ रोजी तेई एइकेई या गृहस्थाने टोकियोच्या उएनो भागात 'काहीचाकान' नावाचे कॉफीगृह उघडले. तो अमेरिकेत शिकून आलेला होता. सामान्य लोकांना बसायला, वाचायला, चर्चा करायला एक जागा असावी, ही त्याची कल्पना. तेथे वर्तमानपत्रे होती, पुस्तके होती, बिलियर्डचे टेबल होते. कॉफीचा पेला दीड सेनला, दूध घातलेला दोन सेनला. दर परवडेना, गिऱ्हाईक जमेना, आणि चार-पाच वर्षांत दुकान बंद पडले. कर्जबाजारी झालेला तेई अमेरिकेत निघून गेला व १८९५ साली सिअ‍ॅटल येथे वारला. आज जपानात १३ एप्रिल हा दिवस कॉफीगृहांचा दिवस म्हणून पाळतात. ज्याच्यामुळे पाळतात तो मात्र परदेशात, तरुण वयात, सारे गमावून गेला.

आता एक तारीख ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे. उएनोचे दुकान उघडल्याला बरोबर एक महिना झाला, त्या दिवशी, म्हणजे १३ मे १८८८ रोजी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काहीच संबंध नव्हता. तो वीस वर्षांनी जडला. ब्राझीलचे कॉफीचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे होते. ते श्रम गेल्यावर मळेवाल्यांनी इटलीतून गरीब शेतकरी मोठ्या संख्येने आणले. त्यांचे हाल ऐकून १९०२ साली इटलीने प्रवासखर्चाचे अनुदान देऊन होणारे हे स्थलांतर थांबविले. मळ्यांना पुन्हा माणसे हवी झाली. तिकडे जपानी खेड्यांत कर्ज व बेकारी होती, आणि अमेरिकेचे दार १९०७-०८ मध्ये जपानी मजुरांना जवळजवळ बंद झाले होते. २८ एप्रिल १९०८ रोजी 'कासातो मारू' हे जहाज ७८१ करारबद्ध जपानी स्थलांतरितांना घेऊन कोबे बंदरातून निघाले, आणि १८ जून रोजी सान्तोसला लागले. झाडाला सोने लागते, अशा आशेने गेलेल्या या माणसांना हंगाम वाईट मिळाला, मजुरी तुटपुंजी मिळाली, आणि पुष्कळांनी मळे सोडून दिले.

या स्थलांतराची व्यवस्था करणारे मिझुनो यांना साओ पाउलोच्या सरकारने मोबदला म्हणून काही वर्षे कॉफीच्या बिया फुकट दिल्या. जपानात ब्राझीलच्या कॉफीला गिऱ्हाईक निर्माण व्हावे, हाही त्यात हेतू होता. त्या बियांच्या बळावर १९११ साली टोकियोच्या गिंझा भागात 'काफे पाउलिस्टा' उघडले. पाच सेनला पेला! लेखक, विद्यार्थी, कारकून सारे तेथे जाऊ लागले, आणि ठिकठिकाणी शाखा निघाल्या. तेईला जे जमले नाही ते पाउलिस्टाला जमले. त्याचे कारण चालकांच्या हुशारीत शोधण्यापूर्वी बियांची किंमत कोणी भरली, ते पाहिले पाहिजे. ती सान्तोसला उतरलेल्या माणसांनी आपल्या श्रमाने भरली होती. गिंझातील स्वस्त पेल्याच्या हिशेबात त्यांचे नाव कोठेही नव्हते.

ही कॉफी थंड कशी झाली, याची कथा बर्फाबरोबर चालते. जपानात उन्हाळ्यातील बर्फ ही पूर्वी उमरावांची चैन. बंदरे उघडल्यावर अमेरिकेतील बोस्टनचा बर्फ जहाजाने योकोहामाला येऊ लागला. याच बोस्टनचा बर्फ १८३३ साली कलकत्त्यास उतरला होता, आणि पुढे आपल्या मुंबईतही आला. तो अतोनात महाग पडे. नाकागावा काहेई नावाच्या उद्योजकाने अनेकदा नुकसान सोसून, १८६९-७० च्या सुमारास, उत्तरेकडील हाकोदाते येथील किल्ल्याच्या खंदकातला बर्फ कापून विकण्यात यश मिळविले. पुढे बर्फाचे कारखाने निघाले व बर्फ गल्लीबोळांत पोचला. मग कडक भाजलेल्या बियांची गडद कॉफी बर्फावर ओतून पिण्याची चाल पडली. साखर थंडीत विरघळत नाही, म्हणून पाक करून निराळा देऊ लागले. ओसाकाकडील लोकांनी तर 'रेइको' असे तिचे लाडके नाव ठेवले. 'रेइ' म्हणजे थंड, आणि 'को' हे कॉफीचे लघुरूप. युरोपात कॉफी थंड झाली म्हणजे बिघडली असे मानणारे लोक होते. जपानात ती उन्हाळ्याची हक्काची सोबतीण झाली.

मग युद्ध आले. आयात आवळली गेली, पुढे थांबली, आणि भाजलेल्या सोयाबीनसारख्या पदार्थांच्या कढणाला लोक कॉफी म्हणू लागले. १९५० मध्ये आयात पुन्हा सुरू झाली, व १९६० मध्ये कच्च्या बियांवरील आयातबंधने उठली. या मोकळ्या झालेल्या वातावरणात डबा जन्मास आला.

डब्यात कॉफी भरून विकण्याचा पहिला मान सामान्यतः शिमाने प्रांतातील हामादा या लहान गावाकडे जातो. तेथील मिउरा योशिताके यांनी १९६५ साली 'मिरा कॉफी' या नावाने डबा काढला. सुमारे तीन वर्षांत तो बंद पडला. पुढे कोबेच्या उएशिमा तादाओ यांनी दूध घातलेली कॉफी डब्यात आणली. त्यांच्या पेढीत सांगितली जाणारी हकीकत अशी : ते एकदा स्टेशनावर बाटलीतील दूधकॉफी पीत होते. तेवढ्यात गाडीची घंटा झाली. बाटली दुकानदाराला परत करावयाची असल्यामुळे अर्धी कॉफी टाकून धावावे लागले. अन्न वाया गेल्याची जी हळहळ जपानी माणूस 'मोत्ताइनाइ' या शब्दाने व्यक्त करतो, ती त्यांच्या मनाला लागली. बाटलीऐवजी डबा असता तर बरोबर नेता आला असता!

कल्पना सोपी, पण करणी अवघड. दूध व कॉफी डब्यात वेगळी होत. कॉफीतील तुरट द्रव्याचा डब्याच्या लोखंडाशी संयोग होऊन पेय काळे पडे. डब्याला आतून लेप देऊन व दूध एकजीव करून हे दोष काढावे लागले. एप्रिल १९६९ मध्ये डबा बाजारात आला. त्यावरचे तीन रंग कॉफीचेच : पांढरा फुलाचा, तांबडा पिकल्या फळाचा, तपकिरी भाजल्या बीचा. आरंभी खप जेमतेम होता. १९७० साली ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरले. सहा महिन्यांत ६ कोटी ४० लाखांहून अधिक भेटी तेथे नोंदल्या गेल्या. उन्हात रांगा लावून उभ्या असलेल्या त्या गर्दीला थंड, गोड, हातात धरून चालता येईल असे पेय हवेच होते. तेथून मागणी वाढत गेली.

उरलेले काम यंत्राने केले. १९६७ पासून ५० व १०० येनची स्वस्त धातूची नाणी भरपूर झाली होती, आणि नाण्यावर चालणारी यंत्रे रस्तोरस्ती उभी राहत होती. १९७३ साली पोक्का या पेढीने एकाच यंत्रातून गरम व थंड असे दोन्ही डबे देण्याची सोय आणली. त्यामुळे उन्हाळ्याचा डबा बारमाही झाला. १९७५ मध्ये 'जॉर्जिया' आणि १९९२ मध्ये 'बॉस' हे डबे निघाले. ट्रकचालक, गवंडी, रात्रपाळीचा कामगार व धावपळीतला कारकून ही त्यांची खरी गिऱ्हाइके होती. डब्यावर 'कॉफी' हा शब्द केव्हा लिहावा, याचेही नियम १९७७ साली झाले : १०० ग्रॅम पेयात ५ ग्रॅम कच्च्या बियांचा अंश असेल तरच नुसती 'कॉफी', त्याहून कमी असेल तर 'कॉफी-पेय' वगैरे. आमच्या पहिल्या घोटाची तक्रार जपानी व्यापाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवली होती म्हणावयाची!

डब्याचे दिवसही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. २०१३ पासून कोपऱ्यावरच्या दुकानांत ताजी कॉफी स्वस्तात मिळू लागली, आणि २०१७ पासून दिवसभर घोट घोट पिण्याजोग्या पारदर्शक बाटल्या तरुणांच्या टेबलांवर दिसू लागल्या. एकेकाळी नवी असलेली वस्तू जुनी होत आहे.

या साऱ्या कथेतून आम्हास एक गोष्ट विशेष जाणवली. तेई पहिला होता, तो बुडाला. मिउरा पहिले होते, त्यांचा डबा तीन वर्षांत मिटला. परकी वस्तू आणणारा एकटा माणूस ती रुजवू शकत नाही. बर्फ, आगगाडी, नाणे, उकाडा, काटकसरीची सवय व घाईचे जीवन अशी जमीन तयार व्हावी लागते. ती झाली की ज्या पेयाला नाम्पोने नाक मुरडले तेच पेय घरचे होते, आणि ते परके होते हेही लोक विसरतात. विसरण्यास आमची हरकत नाही. मात्र कासातो मारूवरील ७८१ माणसांनाही त्याबरोबर विसरावे, हे आम्हास मान्य नाही. आपल्या पेल्यातील वस्तू कोणाच्या हातांनी खुडली, हा प्रश्न विचारणे इतिहासकाराचे काम आहे, आणि पिणाऱ्याचेही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी यजमानांनी विचारले, "तुमच्याकडे कॉफी कशी करतात?" आम्ही सांगितले की आमच्या मराठी घरांत दुधाच्या कॉफीत जायफळ उगाळून घालतात, आणि सणाच्या जेवणानंतर ती पिऊन दुपारची झोप काढतात. त्यांना मोठे नवल वाटले. "जायफळ म्हणजे मोलुकाचे ना? डचांनी ज्याच्यासाठी लढाया केल्या ते?" आम्ही होय म्हटले. कॉफी अरबांकडची, जायफळ मोलुकाचे, आणि तरीही तो पेला आम्ही आजवर अस्सल घरचा समजत आलो होतो. प्राध्यापकांनी शांतपणे वही काढली व तो शब्द टिपून घेतला.