कट्टा नको, परवाना मागा : महागावातून आलेला एक प्रश्न आणि आपला इतिहास

महागाव तालुक्यातल्या एका गावातून एक तरुण आमच्याकडे आला होता. त्याच्या आजोबांनी गायरानाचा तुकडा वाहितीखाली आणला, बापाने तो कसला, आता तो कसतो. 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलितांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचा शासन निर्णय आहे, पण सातबारावर त्याच्या घराचे नाव अजून चढलेले नाही. गावातल्या काही लोकांना ती जमीन हवी आहे. यंदा दोनदा धमकी आली. दुसऱ्यांदा धमकी देणाऱ्याच्या कमरेला परवान्याचे रिव्हॉल्व्हर होते आणि ते दिसेल अशा बेताने त्याने सदरा वर केला होता.

मग कोणीतरी या पोराला एक पिस्तूल दाखवले. वापरलेले, कुठेतरी दुरुस्त करून "मॉडिफाय" केलेले, नंबर घासून काढलेले. कापसाचे चुकारे हातात आले होते. घ्यायचे की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते.

आम्ही कायद्याचे बोलू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमचा कायदा रात्री दोन वाजता येते का?"

या प्रश्नाला हसून किंवा "अहिंसा पाळ बाबा" असे सांगून उत्तर देता येत नाही. ज्यांच्या दारात कधी जमाव आला नाही, त्यांनी शांततेचे उपदेश करू नयेत. त्याची भीती खरी आहे. म्हणून आम्ही त्याला जे सांगितले ते सविस्तर लिहितो आहोत. असा प्रश्न पडलेला तो एकटाच नाही.

आपले भांडण शस्त्राशी नव्हतेच

मनुव्यवस्थेने शूद्र-अतिशूद्रांकडून ज्ञान, संपत्ती आणि शस्त्र या तीनही गोष्टी काढून घेतल्या. गावगाड्यात महाराच्या हातात काठी दिली ती गावाची राखण करायला, स्वतःची करायला नाही. सरकारी खजिना पोचवायचा त्याने, वेशीवर रात्र जागायची त्याने, आणि स्वतःच्या झोपडीवर कोणी चालून आले तर हात जोडून उभे राहायचे.

ही कोंडी फौजेत फुटली. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा कोरेगावला कंपनीच्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीतून लढताना जे पडले, त्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतली 'नाक' प्रत्यय असलेली 22 नावे महार सैनिकांची आहेत. पण 1890 च्या दशकात ब्रिटिशांनी "लढवय्या जाती" ठरवून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बंदुकांवर राज्य उभे राहिले, तेच एका कागदाने "अलढाऊ" ठरले.

यावर आपल्या पूर्वजांनी काय केले? चोरीच्या बंदुका विकत घेतल्या नाहीत. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. 1917 मध्ये महायुद्धाची गरज म्हणून 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली गेली. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा 1 जानेवारी 1927 रोजी कोरेगावला गेला तेव्हा त्याने नुसती पूर्वजांची आरती केली नाही. भरतीबंदीविरुद्ध चळवळ करा, असे सांगितले. 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली.

सत्तेचाळीस वर्षांचा हा लढा शस्त्रासाठीच होता. पण तो उजळ माथ्याने धरायच्या शस्त्रासाठी होता. लपवून ठेवायच्या हत्यारासाठी नव्हता. हा फरक ज्याला कळला, त्याला या लेखातले पुढचे सगळे कळेल.

महाडची दुपार

20 मार्च 1927. चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक परतले होते. वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठवली गेली आणि मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे निघालेल्या आपल्या माणसांवर काठ्या चालल्या. सभेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले लोक होते. लढाई पाहिलेली माणसे ती! बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत ते उभे होते.

तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. का? भ्याले म्हणून? त्या दिवशी प्रतिहल्ला झाला असता तर दुसऱ्या दिवशी बातमी "महारांची दंगल" अशी झाली असती, पाण्याचा हक्क बाजूला पडला असता आणि खेडोपाडी परतणाऱ्या एकट्यादुकट्यावर सूड उगवला गेला असता. त्यांनी फिर्याद केली. हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरी झाली. पाण्याचा खटला दहा वर्षे चालवून 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला.

आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, ही ओळख बाबासाहेबांनी त्या दुपारी हातची जाऊ दिली नाही. कट्टा घेणारा पोरगा नेमकी तीच गमावून बसतो.

वापरलेल्या पिस्तुलाबरोबर काय विकत मिळते

1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना सूट दिली. आज लागू आहे तो 1959 चा कायदा. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान 2 वर्षे आणि कमाल 5 वर्षे कैद आहे. नळी आखूड करणे, खेळण्यातल्या किंवा आवाजाच्या पिस्तुलाचे खरे पिस्तूल करणे, हे परवान्याशिवाय केल्यास किमान 7 वर्षे ते जन्मठेप. नंबर घासलेले हत्यार ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो घासला असे कायदा गृहीत धरतो. "मी नाही केले" हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

दुसरे असे की, झाडलेल्या गोळीवर नळीच्या खुणा उमटतात. त्या पिस्तुलातून आधी कुठे, कोणावर गोळी सुटली हे विकणारा सांगत नाही. पाच-पंचवीस हजारांत तुम्ही एक हत्यार घेता आणि त्याच्या आधीच्या मालकाचा गुन्हाही घरी आणता.

तिसरे, घरगुती भट्टीत जोडलेले हे लोखंड हातातच फुटते, भलत्या वेळी सुटते किंवा नेमक्या वेळी अडकते. घरात लहान लेकरे असतात, हे वेगळे सांगायला नको.

आणि सगळ्यात मोठे नुकसान पुढे आहे. विकणाऱ्याने किंवा शेजाऱ्याने एक फोन केला की झडती होते, पिस्तूल सापडते आणि अ‍ॅट्रॉसिटीचा फिर्यादी हा शस्त्र कायद्याचा आरोपी होतो. मग गायरानाचे प्रकरण कोण ऐकणार? धमकी देणाऱ्याला जे वकील लावून जमले नसते, ते आपण स्वतःच्या पैशाने त्याला करून देतो. तो पोरगा म्हणतो तसा कायदा रात्री दोन वाजता येत नसेल, पण असे पिस्तूल घरात असेल तर नेमका येतो.

खैरलांजीने काय शिकवले

काही मित्र म्हणतात, खैरलांजीत बंदूक असती तर भोतमांगे कुटुंब वाचले असते. 29 सप्टेंबर 2006 ची संध्याकाळ आठवा. सुरेखा आणि प्रियंका यांनी सिद्धार्थ गजभियेंवरील मारहाणीत साक्ष दिली होती, आरोपी ओळखले होते. ते आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून गावी आले आणि घराला वेढा पडला. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर ही चार माणसे मारली गेली. समोर जमाव होता. जमावासमोर एक कट्टा किती वेळ टिकतो?

तिथे पिस्तुलाची उणीव नव्हती. साक्षीदार धोक्यात आहेत हे दिसत असताना बंदोबस्त नव्हता, ही उणीव होती. पुढे शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा ना सत्र न्यायालयाने लावला ना उच्च न्यायालयाने. म्हणजे जातीचा गुन्हा जातीचा म्हणून नोंदवून घेणे, हीच आपली पहिली लढाई आहे.

आपल्या तालुक्याला हे नवे नाही. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर तिकडची वस्ती जळाली, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. "जय भीम" म्हणणारी माणसे तेव्हा संघटनेच्या बळावर उभी राहिली. सोळा वर्षे लढली आणि 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव लागले.

बंदुकीचा कायदाही जात आणि रंग पाहतो

अमेरिकेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर जानेवारी 1956 मध्ये बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. नाकारला गेला. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर्स कायद्यात बसेल अशा रीतीने उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तर कॅलिफोर्नियाने 1967 मध्ये कायदाच बदलला. त्यांचे नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव पँथरचे होते, पण तिचे खरे बळ लेखणी, मोर्चा आणि अत्याचाराच्या गावी धावून जाणारी पोरे हे होते.

आपल्याकडे नियम आपल्या बाजूचा आहे आणि तोच आपण वापरत नाही.

नियम 3 : विसरलेले हत्यार

अ‍ॅट्रॉसिटी कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. नियम 3 काढून वाचा. जिथे अत्याचाराचा धोका आहे तो भाग शासनाने निश्चित करायचा. त्या भागात गरज वाटल्यास गैरदलित, गैरआदिवासी लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारे जप्त करायची. आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे.

होय, हे भारत सरकारच्या नियमात छापलेले आहे. धमकी देणाऱ्याच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर काढून घ्यायची तरतूद आधी आहे, आपल्याला परवाना द्यायची नंतर. आमच्या मते क्रम हाच बरोबर आहे. गावात दोन पिस्तुले होण्यापेक्षा असलेले एक कमी होणे केव्हाही चांगले.

परवाना मागताना "तुझी ऐपत काय?" असे कोणी विचारले तर शस्त्र कायद्याचे कलम 14 दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, कलम 18 खाली अपीलही आहे. परवाना मिळाला तरी सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर लाखाच्या घरात जाते, मजुराने ते कुठून घ्यावे, हा प्रश्न उरतोच, हे आम्हालाही मान्य आहे. तरीही अर्ज करावा. तुमच्या जिवाला धोका आहे, हे त्या अर्जामुळे तारीखवार सरकारदरबारी नोंदले जाते. उद्या काही घडले तर "आम्हाला माहीत नव्हते" असे कोणालाही म्हणता येत नाही, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला याच कायद्याचे कलम 4 लागते.

मग काय ठरले

आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. त्या पोराची आई मध्येच म्हणाली, "जमीन राहो का जावो, पण हे घरात नको." पोरगा चिडला. जमीन जाऊ द्यायची नाही, यावर आम्ही त्याच्या बाजूचे होतो. शेवटी पाच गोष्टी ठरल्या.

दोन्ही धमक्यांची तारखेसह लेखी फिर्याद, प्रत उपविभागीय पोलीस अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना. नियम 3 प्रमाणे संबंधितांचा परवाना रद्द करून शस्त्र जमा करण्याची मागणी. स्वतःच्या परवान्याचा अर्ज. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, तिच्यापुढे हे प्रकरण ठेवणे. आणि तालुक्यात किती शस्त्रपरवाने आहेत, त्यांतले अनुसूचित जाती-जमातींकडे किती, याचा माहिती अधिकारात अर्ज. हा शेवटचा अर्ज प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने करावा, अशी आमची विनंती आहे.

रात्री दोन वाजताचे काय? त्याचे उत्तर वस्तीने दिले. समता सैनिक दलाची परंपरा सांगणारे दोन वयस्क लोक उठले आणि पाळ्या लावल्या. रोज चार जण विहाराच्या ओट्यावर, फोन आणि बॅटरी घेऊन. सभा-जयंतीला एकत्र येणारी वस्ती एका घरासाठी रात्री जागू लागली.

पिस्तूल घेतले नाही. चुकाऱ्याच्या पैशातून त्याने जमिनीच्या मोजणीची फी भरली. अर्जांवर अजून निर्णय नाही, पाळ्या अजून चालू आहेत. ज्यांना जवळ आहे त्यांनी एखादी रात्र ओट्यावर येऊन बसावे.

जय भीम!