रिकामी पुंगळी आणि वेगाचा ध्यास : मॅग्नम काडतुसाचा इतिहास

१/ शिकारी रायफलींच्या इतिहासातील एक अतिवेगवान काडतूस कोणत्याही मोठ्या कारखान्यात जन्मले नाही. १९४४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील रॉय वेदरबी नावाच्या विमा विक्रेत्याने ते फावल्या वेळात घडवले. त्याला हे साधले ते काडतुसे हाताने भरण्याच्या जुन्या परंपरेमुळे. त्या परंपरेने काय दिले आणि त्याची कोणती किंमत मागितली, याचा हा आढावा.

२/ ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार हातानेच भरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस रूढ झाले : पितळी पुंगळी, तिच्या तळाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की प्रायमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र शाबूत राहते. ती पुन्हा भरता येते, हे शिकाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीने त्यासाठी हातात मावणारी, चिमट्यासारखी अवजारे विकण्यास प्रारंभ केला.

३/ त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू सिद्ध केली. काळ्या दारूपेक्षा ती कितीतरी अधिक शक्तिशाली होती. काळ्या दारूने पुंगळी काठोकाठ भरण्याची सवय आता जीवघेणी ठरू शकत होती. घरी काडतूस भरणाऱ्याला मापाऐवजी तराजूवर विसंबावे लागले, आणि या छंदाला प्रयोगशाळेची शिस्त आली.

४/ ‘मॅग्नम’ हा शब्द मद्याच्या मोठ्या बाटलीवरून आला. नेहमीपेक्षा अधिक दारू सामावणारे काडतूस ते मॅग्नम. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९१२ मध्ये .३७५ आणि १९२५ मध्ये .३०० मॅग्नम बाजारात आणले. ब्रिटिश ‘कॉर्डाइट’ दारूच्या लांब काड्या बसाव्यात म्हणून या पुंगळ्या लांब व निमुळत्या असत. त्यांचा खांदा फार उतरता असल्यामुळे पुंगळी नळीत नेमकी टेकावी, यासाठी तळाजवळ एक उठावदार पट्टा ठेवलेला असे.

५/ १९३५ मध्ये अमेरिकेतील कॅम्प पेरी येथे बेन कम्फर्ट यांनी याच .३०० मॅग्नमने १,००० यार्डांवरील विम्बल्डन चषक जिंकला. साहेबी थाटाच्या या काडतुसाकडे अमेरिकी नेमबाजांचे लक्ष वेधले गेले. लवकरच एक प्रश्न पुढे आला : पुंगळीचा निमुळतेपणा काढून टाकला, तर आत आणखी किती दारू मावेल?

६/ नवी पुंगळी बनवण्यासाठी कारखाना लागतो. वेदरबींसारख्या प्रयोगकर्त्यांची युक्ती निराळी होती. रायफलीच्या नळीतील काडतुसाची जागा, म्हणजे चेंबर, हव्या त्या आकाराची कोरायची आणि त्यात जुनेच काडतूस उडवायचे. स्फोटाच्या दाबाने पितळ फुगते आणि चेंबरचा आकार घेते. बाहेर येते ती नवी, अधिक ऐसपैस पुंगळी. कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा काडतुसांना अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, म्हणतात.

७/ परिणाम आकड्यांत पाहावा. १९०६ चे .३०-०६ काडतूस १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने फेकते. .३०० वेदरबी मॅग्नम तेवढीच गोळी सुमारे ३,२५० फूट वेगाने फेकते. वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली. १९४५ मध्ये वेदरबींनी स्वतःची कंपनी काढली.

८/ पण या वेगाला पहिली मर्यादा दाबाची होती. कारखान्यांकडे दाब मोजण्याची साधने होती. घरच्या बाकावर ती नव्हती. तेथे पुंगळीच वाचावी लागे. प्रायमर अवाजवी चपटा झाला, बोल्ट उघडताना अडकला, पितळावर चकचकीत खूण उमटली, तर धोका जवळ आला असे समजायचे. ही चिन्हे दिसतात तेव्हा मर्यादा बहुधा ओलांडली गेलेली असते, आणि नेमबाजाचा चेहरा बोल्टपासून काही इंचांवर असतो.

९/ दुसरी मर्यादा दारूची. मोठ्या पुंगळीला सावकाश जळणारी दारू लागते. जलद जळणारी दारू दाब एकदम चढवते. येथे महायुद्ध कामी आले. युद्धानंतर सरकारकडे लष्करी दारूचा प्रचंड साठा शिल्लक होता. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन यांनी तो विकत घेऊन छंदिष्टांना स्वस्तात विकला. त्यांतील ४८३१ ही दारू मूळची २० मिलिमीटर तोफेसाठी होती. तोफेची दारू मॅग्नमला नेमकी मानवली.

१०/ तिसरी मर्यादा गोळीची. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉसलर यांनी .३०० मॅग्नमने चिखलाने माखलेल्या एका मूसवर गोळ्या झाडल्या. त्या आत खोल शिरल्याच नाहीत. कमी वेगासाठी घडवलेली गोळी अतिवेगात पृष्ठभागाशीच फुटत होती. नॉसलर यांनी गोळीच्या मध्यभागी तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली : पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. ही ‘पार्टिशन’ गोळी १९४८ पासून विकली जाऊ लागली.

११/ वादही पेटला. एल्मर कीथ यांच्यासारखे जुने शिकारी जड व संथ गोळीचे कैवारी होते. वेदरबींचा भर वेगावर होता. हा वाद केवळ आकड्यांचा नव्हता. गोळी वरवर फुटली, तर जनावर जखमी होऊन रानात निघून जाई आणि तडफडून मरे. वेगाच्या हव्यासाची ती किंमत शिकारी नव्हे, जनावर मोजत होते.

१२/ चौथी मर्यादा रायफलीची. जुन्या यंत्रणांवर विसंबण्याऐवजी वेदरबींनी १९५८ मध्ये ‘मार्क फाइव्ह’ रायफल आणली. तिच्या बोल्टला नऊ खुंट्या होत्या आणि पुंगळीचा तळ पोलादाने पूर्ण वेढलेला होता. तोवर स्वीडनची नॉर्मा कंपनी त्यांची काडतुसे बनवू लागली होती. पाठोपाठ रेमिंग्टनने १९६२ मध्ये ७ मिलिमीटर मॅग्नम आणि विंचेस्टरने १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम आणले. रानमांजर माणसाळले होते.

१३/ या इतिहासाचे सूत्र सरळ आहे. दारू वाढवणे सर्वांत सोपे होते. पण वेगाचे प्रत्येक पाऊल साखळीतील पुढची कच्ची कडी उघडी पाडत गेले : आधी पुंगळी, मग दारू, मग गोळी, मग बोल्ट. चेंबरच्या लगेच पुढे नळीची उष्णतेने होणारी झीज तर आजही कोणाला टाळता आलेली नाही. या परंपरेत टिकून राहिले ते प्रयोगकर्ते, ज्यांनी दारूचा पुढचा ग्रेन घालण्यापूर्वी मागची रिकामी पुंगळी नीट वाचली.