बराकपूर आणि बरखास्तीची परिभाषा

राज्यकर्त्यांची भाषा माणसाला नेमणुकीपेक्षा काढून टाकताना अधिक काटेकोर होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी इंग्रजीत सैनिकाला दूर करण्याचे एकच क्रियापद नव्हते; ‘डिसमिस’, ‘डिस्चार्ज’ आणि ‘डिसबॅण्ड’ हे तीन वेगवेगळे व्यवहार होते, आणि चौथा, यादीतून नाव खोडण्याचा, सर्वांत कठोर होता. मराठीत या सर्वांसाठी ‘बरखास्त’ वा ‘बडतर्फ’ लिहून मोकळे होण्याची सवय आहे. या सवयीने इतिहासाचे काय नुकसान होते, ते पाहण्यास कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पूर्वतीरावर वसलेल्या बराकपूरच्या छावणीइतके योग्य स्थळ दुसरे नाही.

प्रथम शब्दांचे मूळ पाहावे. ‘डिसमिस’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘दूर धाडणे’ हा अर्थ आहे. त्यात धाडणारा वरचढ आणि जाणारा एकटा असतो. ‘डिस्चार्ज’ म्हणजे ओझे उतरविणे. म्हणूनच बंदुकीचा बार काढणे आणि सैनिकाला सेवेतून मोकळे करणे ही दोन्ही कामे त्या शब्दाने होतात, आणि मोकळे होणे सन्मानाचेही असू शकते. ‘डिसबॅण्ड’ निराळाच आहे. त्याचा विषय माणूस नसून जमाव आहे. बांधलेली मोळी सोडावी तसा समूहच सोडवून टाकणे हा त्याचा अर्थ होय. त्यात कोणा एकाचा अपराध सिद्ध करावा लागत नाही, आणि कंपनी सरकारला त्याची सोय नेमकी तेथेच वाटली.

१८२४ साली ब्रह्मदेशावरील मोहिमेसाठी बराकपूरच्या ४७ व्या देशी पलटणीला कूच करण्याचा हुकूम झाला. उच्चवर्णीय शिपाई आपली स्वयंपाकाची भांडी स्वतंत्र बाळगीत. ती वाहण्यास बैल हवेत, ते स्वतःच्या खर्चाने मिळवावेत, आणि मोहिमेमुळे बैल तर महाग झालेले, अशी अडचण होती. तिची दाद लागली नाही. शिपायांनी कूच करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर रोजी सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट याने शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम केला आणि तो न मानला जाताच कवायतीच्या मैदानावर उभ्या असलेल्या पलटणीवर तोफा डागल्या. पुष्कळांच्या बंदुका भरलेल्याच नव्हत्या, असे मागाहून आढळले. बिंदी तिवारी यास फाशी झाले. देशी अधिकारी विश्वासास अपात्र ठरवून काढले गेले, आणि अखेर ‘४७’ हा क्रमांकच सैन्याच्या यादीतून पुसण्यात आला. माणसे मेली, काही तुरुंगात गेली, उरलेली घरी गेली. परंतु सरकारच्या लेखी ती पलटण जणू कधी नव्हतीच. मराठीत ‘नाव काढणे’ म्हणजे कीर्ती मिळविणे. यादीतून नाव काढणे हा त्याचा नेमका उलटा व्यवहार आहे, आणि बराकपूरच्या शिपायांच्या वाट्याला तो आला.

तेहतीस वर्षांनी त्याच मैदानावर पुन्हा दोन पलटणी मोडल्या गेल्या. बहरामपूर येथे फेब्रुवारी १८५७ मध्ये काडतुसांच्या संशयावरून अवज्ञा करणारी १९ वी पलटण बराकपुरास आणून ३१ मार्च रोजी डिसबॅण्ड करण्यात आली. रंगूनहून बोलावलेली गोऱ्यांची ८४ वी पलटण आणि तोफखाना समोर उभा होता. शिपायांनी शस्त्रे ठेवली, निशाणे परत केली. मात्र त्यांचा पगार चुकता केला गेला, अंगावरचा गणवेश राहू दिला गेला आणि घरी जाण्याचा खर्चही मिळाला. जाताना त्यांनी जनरल हिअर्सी याचा जयजयकार केला, अशी नोंद आहे. दोनच दिवसांपूर्वी, २९ मार्चला, ३४ व्या पलटणीच्या मंगल पांडे याने त्याच छावणीत आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर हल्ला केला होता आणि पहारा तटस्थ उभा राहिला होता. ८ एप्रिलला त्याला फाशी झाले. पहाऱ्यावरील जमादार ईश्वरी प्रसाद हाही त्याच महिन्यात फासावर गेला. ६ मे रोजी या पलटणीच्या बराकपुरातील सात कंपन्या डिसबॅण्ड झाल्या. परंतु या वेळी गणवेश उतरवून घेण्यात आले. हुकूमनाम्यातील क्रियापद तेच, अर्थ मात्र दुसरा. पहिल्या दिवशी सैनिक निरोप घेऊन निघाला, दुसऱ्या दिवशी तो हाकलला गेला.

मराठी ‘बरखास्त’ या दोहोंपैकी एकाही प्रसंगाला पुरा पडत नाही. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘उठलेला’. दरबार बरखास्त होतो तेव्हा मंडळी उठून आपापल्या घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतात. ‘बडतर्फ’ म्हणजे एका बाजूस सारलेला. तो शब्द व्यक्तीला लागू पडतो, समूहाला नव्हे. ‘हकालपट्टी’त अपराध गृहीत धरलेला असतो. त्या मानाने ‘पलटण मोडली’ हा साधा प्रयोगच अधिक खरा आहे. घर मोडते, लग्न मोडते, तसे येथे एक नाते मोडते, आणि मोडणाऱ्याने चौकशी केली की नाही हा प्रश्न खुला राहतो. मात्र मोडल्यानंतर सैनिकाच्या अंगावर काय उरले, हे लेखकाने स्वतंत्रपणे सांगितलेच पाहिजे.

मराठी कोशरचनेचा या तीराशी असलेला संबंधही लक्षात घेण्याजोगा आहे. बराकपुरासमोर, नदीपलीकडे, डेन्मार्कची वसाहत म्हणून वसलेल्या श्रीरामपुरात विल्यम केरी याचा मराठी कोश १८१० साली छापला गेला. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणूनच १८०० साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या परक्या वसाहतीचा आश्रय घेतला होता. हुसकावले जाण्याच्या भयातून निघालेल्या छापखान्यात मराठी शब्द जुळविले जात होते, आणि समोरच्या तीरावर कंपनीचे शिपाई कवायत करीत होते. पुढे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली, तीही १८५७ सालीच. शब्दाला शब्द देण्याचे काम कोशांनी केले. प्रसंगाला शब्द देण्याचे काम इतिहासकारांवरच राहिले.

हा केवळ भाषिक कीस नाही. भारतीय संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदात बडतर्फ करणे, पदावरून दूर करणे आणि पदावनत करणे हे आजही पृथक् मानले आहेत. सेवानियमांनुसार दूर केलेल्यास सरकारी सेवेचे दार पुन्हा उघडू शकते, बडतर्फ झालेल्यास सामान्यतः नाही. एकाच्या उपजीविकेपुरता हा भेद आपण न्यायालयात मान्य करतो. मग १८५६ साली खालसा झालेल्या अवधातील खेड्यांकडे परतणाऱ्या शेकडो शिपायांच्या बाबतीत तो का गाळावा? अंगात गणवेश असलेला शिपाई आणि तो उतरविला गेलेला शिपाई गावात एकच वार्ता घेऊन पोहोचले नसतील. ६ मेनंतर चौथ्याच दिवशी मेरठ पेटले. तेथेही आदल्या दिवशी पंच्याऐंशी स्वारांचे गणवेश सर्वांसमक्ष उतरवून त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या होत्या. त्या वर्षीचा क्षोभ समजून घ्यावयाचा, तर कोणाला काढले याबरोबरच कसे काढले हेही मराठी वाक्यात उमटले पाहिजे.