सातपुड्याच्या पोटातली नहर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याची कितीतरी कुटुंबं काश्मीर गाठतात. श्रीनगरहून एका दिवसात सोनमर्गची थाजिवास हिमनदी पाहून येतात. हिमनदी म्हणजे पाण्याची साठवणच. मागच्या हिवाळ्यांचं पाणी ती धरून ठेवते आणि उन्हाळ्यात थोडं थोडं सोडते. आपली तापी मुलताईला उगम पावते, तिच्या माथ्यावर बर्फ नाही. मग खान्देशाचं जुनं पाणी साठतं कुठे? सातपुड्याच्या पायथ्याशी, जमिनीच्या पोटात.

ही साठवण डोळ्यांनी पाहायची असेल तर बुऱ्हाणपूरला जावं. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी होतं. जळगावहून भुसावळ-रावेरमार्गे रेल्वेने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं. मी तसाच गेलो होतो. शहराबाहेर कुंडी भंडारा आहे. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरलो. वर ऊन भाजत होतं आणि खाली गारवा. पाण्यातल्या चुन्याचे थर बसून भुयाराच्या भिंती पांढऱ्या झाल्या आहेत, जणू बर्फच. पायाखालून स्वच्छ पाणी वाहत होतं.

हे काम 1615 चं, जहांगीर बादशहाच्या काळातलं. तेव्हा इथे अब्दुर्रहीम खान-ए-खानान होते. बैरामखानाचे पुत्र, बाबरनाम्याचं फारसी भाषांतर करणारे आणि दोह्यांतून पाण्याचं मोल सांगणारे रहीम ते हेच. आराखडा तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराचा. इराणात अशा भुयारी नहरीला कनात म्हणतात. डोंगरातून मुरून येणारं पाणी भुयारात झिरपतं आणि हलक्या उताराने आपोआप शहराकडे येतं. वर ओळीने 103 कुंड्या आहेत, त्या हवा-उजेडासाठी आणि सफाईसाठी. ना मोट, ना पंप. दख्खनमध्ये मोगलांशी झुंजणाऱ्या मलिक अंबरनेही त्याच काळात खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, नहर आणली. रणांगणावर दोघे एकमेकांचे वैरी होते, पण शहर पाण्यावर उभं राहतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

मला या नहरीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती तिची मर्यादा. भुयाराच्या तळाखालचं पाणी तिला घेताच येत नाही. डोंगरात पाणी मुरलं तर ती भरून वाहते, पाऊस कमी झाला तर धार बारीक होते. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धतही अशीच. बंधाऱ्यात पाणी कमी असेल त्या वर्षी गाव मिळून ठरवणार, यंदा कमी फड भिजवायचे. म्हणजे एकाची विहीर भरलेली आणि शेजारी कोरडा, असं होत नाही.

बोअरला असा तळ नसतो. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे. भूगर्भतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी तो झटकन पिऊन टाकतो. त्याच पाण्यावर आपली केळी जगभर गेली. पण वर्षानुवर्षं मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं गेलं. पाणी खाली गेलं की बोअर आणखी खोल जाते. आता पुराचं पाणी या थरात जिरवण्यासाठी तापी महापुनर्भरण योजना आहे. 2025 मध्ये दोन्ही राज्यांनी तिच्यावर करार केला. योजना चांगलीच आहे. पण भरणं वाढलं आणि उपशाला हद्द राहिली नाही, तर हिशेब जुळायचा कसा?

विहीर खोदणं, पाण्याची सोय करणं याला आपण सदका-ए-जारिया मानतो. वजू करतानाही पाणी उधळू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलं जातं. मशिदीच्या नळाशी आपण ते पाळतो. शेताच्या मोटारीशी पाळतो का?

कुंडी भंडाऱ्याचं नाव 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलं, याचा आनंद आहे. पण आजूबाजूचे पंप डोंगराचं पाणी आधीच ओढून घेत राहिले, तर पाहायला पांढऱ्या भिंती तेवढ्या उरतील. म्हणून मुलांना सोनमर्गला नेण्याआधी एकदा इथे न्या. पाणी दिसतंय तोवर.