फसलेल्या प्रयोगांचे दप्तर

गोबरगॅसच्या विद्येचा इतिहास सांगणाऱ्या अनेक इंग्रजी पुस्तकांत आरंभीच एक विधान आढळते. मैला व शेण कुजवून ज्वलनशील वायू मिळविणारे जगातील पहिले संयंत्र मुंबईतील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८५९ साली बांधले गेले, असे ते विधान. मुंबईचा हा गौरव वाचून कोणाही मराठी माणसास संतोष वाटावा. परंतु थोडी चौकशी केली की तो संतोष टिकत नाही. माटुंग्याचा तो आश्रम मुळी १८९० साली स्थापन झाला. तेथील मैल्याच्या टाक्यांतला वायू गोळा करून तो उपयोगात आणल्याची नोंद आहे ती १८९७ सालची. म्हणजे संस्थेच्या जन्माआधी एकतीस वर्षे तिच्या अंगणात प्रयोग पार पडला, असे ही पुस्तके आपणांस सांगतात! कोणा एकाच्या हातून आकडा चुकला असावा. पुढच्यांनी तो तपासून न पाहता उतरवून घेतला आणि तो रूढ झाला.

या आश्रमाचे संस्थापक हॅरी अ‍ॅकवर्थ हे त्या वेळी मुंबई महापालिकेचे आयुक्त होते. आपल्या वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचित असेल. गोंधळ्यांच्या मुखी असलेले पोवाडे कालौघात नष्ट होतील, या काळजीने अ‍ॅकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने ते मिळविले व १८९१ साली प्रसिद्ध केले. तोंडी विद्या लिहून ठेवली नाही तर ती माणसाबरोबर जाते, हे त्यांनी ओळखले होते. पोवाड्यांचे भाग्य असे की त्यांना अ‍ॅकवर्थ-शाळिग्राम भेटले. त्याच अ‍ॅकवर्थांच्या आश्रमात ज्या विद्येचा आरंभ झाला, तिला मात्र असा संग्राहक दीर्घकाळ भेटला नाही. या विद्येचे पुढे काय झाले, आणि जेथे प्रयोगकर्त्यांनी आपले अनुभव एकत्र मांडले तेथे काय घडले, ते येथे सांगावयाचे आहे.

तत्त्व साधे आहे. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून हवाबंद विहिरीत सोडले की सूक्ष्म जीवाणू ते कुजवितात आणि वायू निर्माण होतो. त्यात निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे चाळीस लिटर वायू मिळतो. कुजून बाहेर पडणारा रबडा उत्तम खत असतो. म्हणजे गोवरी जाळली की खत जाते आणि शेण शेतात टाकले की सरपण जाते, हा खेड्यातील जुना पेच येथे सुटतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९च्या सुमारास या दिशेने प्रयोग केले. त्यानंतर जशभाई पटेल यांनी १९५१च्या सुमारास घरगुती वापराचे संयंत्र तयार केले व त्यास ‘ग्रामलक्ष्मी’ असे सुंदर नाव दिले. पहिल्या ग्रामलक्ष्मीवर ते थांबले नाहीत. दोष दिसला की सुधारणा करीत त्यांनी नव्या आवृत्त्या काढल्या, आणि तिसऱ्या आवृत्तीवरून खादी व ग्रामोद्योग आयोगाचा सुप्रसिद्ध आराखडा सिद्ध झाला. विहिरीवर तरंगणारी लोखंडी टाकी, वायू भरला की वर येणारी आणि चूल पेटली की हळूहळू खाली बसणारी, अनेक वाचकांनी आपल्या गावाकडच्या वाड्यात पाहिली असेल.

या टाकीनेच पुढचा धडा दिला. ओलसर वायू व त्यातील गंधकाचा अंश लोखंडास गंजवितो. दरवर्षी रंग न दिल्यास टाकीस भोके पडतात. शिवाय एकूण खर्चाचा मोठा वाटा त्या टाकीचाच असे. ही तक्रार ठिकठिकाणच्या वापरणाऱ्यांकडून येत राहिली, म्हणून तिचा विचार झाला. उत्तर प्रदेशातील अजीतमल येथील संशोधन केंद्रात १९७८ साली ‘जनता’ संयंत्र तयार झाले. चिनी पद्धतीप्रमाणे त्यात लोखंडाला फाटा देऊन विटांचा पक्का घुमट बांधला होता. परंतु घुमटाच्या गिलाव्याला केसासारखी बारीक चीर पडली तरी वायू निसटे. मग १९८४ साली ‘अफप्रो’ या स्वयंसेवी संस्थेने ‘दीनबंधू’ हा आराखडा आणला. त्यात दोन गोलखंड बुडाशी जोडलेले असल्याने बांधकामाचे क्षेत्रफळ व खर्च दोन्ही घटले, आणि संस्थेने गवंड्यांना हाताशी धरून ते बांधण्याचे शिक्षण दिले. ग्रामलक्ष्मीपासून दीनबंधूपर्यंतच्या या तेहेतीस वर्षांत मागच्याचा दोष पुढच्यास ठाऊक होता, म्हणून पाऊल पुढे पडले.

याच काळात या विद्येने समुद्रही ओलांडला. अजीतमलचे रामबक्ष सिंह यांनी आपल्या अनुभवांवर लिहिलेले पुस्तक १९७१ साली निघाले आणि पाहता पाहता अमेरिकेतील हौशी प्रयोगकर्त्यांच्या हाती पडले. ही मंडळी शेतकरी, शिक्षक, कारागीर अशी होती. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. दक्षिण आफ्रिकेत डुकरे पाळणारे जॉन फ्राय यांचे पुस्तक १९७४ साली आले. त्यात त्यांनी यशाइतकेच अडचणींचेही वर्णन केले आहे. पाचकाच्या पृष्ठभागावर घट्ट साय धरते आणि काम ठप्प होते, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले व त्यावरून रचना कशी बदलली तेही सांगितले. १९७९ साली चिनी कारागिरांसाठी लिहिलेली पुस्तिका लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाली. अजीतमलचा अनुभव कॅलिफोर्नियात व सेच्वानचा लंडनमध्ये वाचला जाऊ लागला. या पुस्तकांचे मोल त्यांच्या अडचणींवरच्या पानांत होते, असे मला वाटते.

येथे मला स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. त्या दशकात मी राज्यशासनाच्या सेवेत माळव्यातील एका विकासखंडात होतो. मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण करावयाचे, हा आमचा धर्म. विहित नमुन्यात लाभार्थीचे नाव, संयंत्राची क्षमता, अनुदानाची रक्कम व काम पूर्ण झाल्याचा दिनांक एवढेच रकाने होते. दुसऱ्या वर्षी ते संयंत्र चालू आहे की बंद, हे विचारणारा रकाना नव्हता. दौऱ्यावर गेलो की बंद पडलेली संयंत्रे दिसत, तेव्हा मी एका साध्या वहीत कारणे टिपू लागलो. एके ठिकाणी नळीस उतार नव्हता, म्हणून तिच्यात पाणी साचून वायू अडला होता. दुसरीकडे कडब्याचे तुकडे शेणाबरोबर गेल्याने तोंड बुजले होते. कोणी गुरे विकली होती, तर कोणी शौचालय जोडून त्यात रोज फिनेल ओतत होता आणि जीवाणूच मरत होते. एका वृद्ध आईंनी मला सांगितले, “साहेब, थंडीच्या दिवसांत ही चूल रुसते.” त्या रुसण्याचे कारण शास्त्रीय आहे. जीवाणूंना तीस-पस्तीस अंशांची ऊब मानवते; पारा पंधरा अंशांखाली गेला की वायू फार घटतो. कोकणात बारमाही चालणारे संयंत्र ग्वाल्हेरच्या पौषात निम्मेही काम करणार नाही. परंतु आमच्याकडे आलेला आराखडा सर्वांना एकच होता.

बदली झाली तेव्हा ती वही मी कार्यालयात ठेवून आलो. काही वर्षांनी चौकशी केली, तेव्हा ती जुन्या कागदांबरोबर रद्दीत गेल्याचे कळले. दोष कोणाचा म्हणून सांगू? नियमाप्रमाणे ती वही अभिलेखच नव्हती, आणि तिची नक्कल करून ठेवण्याचे मलाही सुचले नाही. पुढे दुसऱ्या जिल्ह्यातील एक तरुण सहकारी उताराविना घातलेल्या नळ्यांशीच झगडताना पाहिला आणि मन खिन्न झाले. आजवर देशात अशी सुमारे पन्नास लक्ष घरगुती संयंत्रे बांधली गेली आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने काहीतरी शिकविले असणार. ते शिकणे कोठे आहे?

हे निराळ्या रीतीने होऊ शकते, याचे उदाहरण डेन्मार्कने दिले आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर तेथील सुतार, लोहार व शिक्षक यांनी पवनचक्क्या बनविण्यास आरंभ केला. क्रिश्चियन रीसागर नावाच्या एका सुताराने बावीस किलोवॉटची चक्की उभारून ती विजेच्या जाळ्यास जोडली. १९७८ साली चक्कीमालकांनी आपली संघटना स्थापिली, आणि तिच्याशी निगडित मासिकातून कोणत्या चक्कीने किती वीज दिली याचे आकडे नियमाने छापले जाऊ लागले. कोठे काय मोडले हेही त्यात उघडपणे येई. दोष लपविणाऱ्या उत्पादकाचा त्यात निभाव लागणे कठीण होते. त्याच सुमारास अमेरिकेच्या शासनाने विमाने बांधणाऱ्या मातब्बर कंपन्यांकडून अजस्र यंत्रे करून घेतली. त्यांतले एकही बाजारात रुजले नाही. डेन्मार्कची लहान यंत्रे मात्र वाढत गेली. १९८६ साली भारतात पहिली प्रात्यक्षिक पवनक्षेत्रे उभी राहिली, तेव्हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर फिरू लागलेली पंचावन्न किलोवॉटची यंत्रे डेन्मार्कचीच होती.

आपल्याकडे अशी वृत्तीची माणसे नव्हती असे नाही. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई, शौचकूप व खत यांचे प्रयोग हा आपल्या साधनेचा भाग मानला. देहूचे डॉ. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेल्या संयंत्रांसाठी आयुष्य वेचले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटे व पिष्टमय पदार्थ वापरून प्लास्टिकच्या दोन टाक्यांचे सुटसुटीत संयंत्र तयार केले. त्यांच्या संस्थेस त्यासाठी २००६ साली ‘अ‍ॅशडेन’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता इंदूरसारख्या शहरात २०२२ साली दररोज साडेपाचशे टन ओला कचरा पचविणारा प्रकल्प उभा राहिला आहे. माटुंग्याच्या टाक्यांपासून तेथवरचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे.

आज वही रद्दीत जाण्याचे कारण उरलेले नाही. संगणकाच्या महाजालावर एखादे सामायिक दप्तर मराठीत उघडता येईल, आणि गोव्यातील बागायतदार, बेळगावचा शेतकरी व बडोद्याचा निवृत्त अभियंता त्यात आपापली नोंद करू शकतील. परंतु साधन मिळाले म्हणजे शिस्त आली असे होत नाही. माझ्या अल्प अनुभवावरून चार रकाने अवश्य असावेत, असे सुचवितो: स्थळ, ऋतू व वर्ष, काय केले, काय बिघडले व का, आणि हे कोणी प्रत्यक्ष पाहिले. तिसरा रकाना रिकामा असेल ती नोंद परत पाठवावी. चौथा असेल तर १८५९ सारखे आकडे पुन्हा रूढ होणार नाहीत.

आपल्या घराण्यांतील कोणाच्या अंगणात गोबरगॅसची विहीर असेल, चालू असो वा बंद, तर तिची हकीकत घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावी. विशेषतः घरातील स्त्रियांना विचारावे. चूल त्या पेटवीत. नवे संयंत्र सुरू करताना चालू संयंत्रातला थोडा रबडा त्यात घालतात, म्हणजे जीवाणू लवकर जोर धरतात. आमच्या विकासखंडातील बायका त्याला विरजण म्हणत आणि शेजारच्या गावाहून बादलीभर मागून आणीत. ते कोणी नाकारल्याचे मला स्मरत नाही.