ग्रंथकार सभेचे निमंत्रण आणि जोतीरावांचे उत्तर

१८८५ च्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली १८७८ साली भरली होती. तिच्यामागे न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी होते. दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनाही गेले. त्यांनी दिलेले उत्तर ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त छापून आले, आणि आज साहित्याच्या वर्गात त्या सभेपेक्षा हे उत्तरच अधिक वाचले जाते.

ते शिकवताना आम्ही बहुधा एका सोप्या वाक्यावर थांबतो: ‘दोघांमध्ये गैरसमज होता.’ हे वाक्य आम्हांला पुरेसे वाटत नाही. रानडे आणि फुले एकमेकांना अनोळखी नव्हते. १८७५ साली दयानंद सरस्वतींच्या पुण्यातील मिरवणुकीला सनातन्यांच्या दंग्याचे भय होते, तेव्हा रानड्यांनी मदत मागितली ती जोतीरावांकडे. आणि ते आपली माणसे घेऊन आले. मग दहा वर्षांनी एका साध्या निमंत्रणाला इतका कडक नकार का?

आमच्या मते घोटाळा ‘ग्रंथ’ या शब्दापाशी सुरू होतो. रानड्यांच्या लेखी ग्रंथ म्हणजे नवी विद्या मराठीत आणणारे साधन. ग्रंथ निघावेत, विकले जावेत, लेखकांना उत्तेजन मिळावे, यासाठी लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे, इतका त्यांचा सरळ विचार. हा हेतू खोटा होता असे म्हणण्याला आधार नाही. पण ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहिणाऱ्या माणसाला ग्रंथ म्हटले की आधी ती शास्त्रेपुराणे आठवणार, ज्यांच्या आधारे शूद्रातिशूद्रांना अक्षरापासून दूर ठेवले गेले. एकाला ग्रंथ हा दिवा वाटतो, तर दुसऱ्याला तो पुरावा वाटतो, आरोपीविरुद्धचा पुरावा.

‘एकी’ या शब्दाचेही तेच. सभेला एकी आरंभी हवी होती. जोतीरावांना ती काही गोष्टी कबूल केल्यानंतरच शक्य वाटत होती. जे सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत आणि तसे वागतही नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे ते कळवतात. खालच्यांनी काय सोसले हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कसे कळणार, असाही त्यांचा सवाल आहे. पत्राची सुरुवात मात्र आदबीची आहे, निमंत्रण पोचल्याचा आनंद कळवणारी. (हा आनंद कितपत उपरोधाचा, यावर वर्गात एक तास सहज जातो.)

त्याच वर्षी हाच पेच पुन्हा दिसतो. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, असे रानड्यांचे प्रतिपादन होते. त्याला उत्तर म्हणून जोतीरावांनी ‘इशारा’ लिहिला. रानडे शेतकऱ्यांविषयी उदासीन खचितच नव्हते. सार्वजनिक सभेच्या द्वारा त्यांनी शेतसाऱ्याचा प्रश्न धसास लावला होता. पण त्यांची तुलना मागच्या काळाशी होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ नुकताच हातावेगळा केलेल्या जोतीरावांची तुलना शेतकऱ्याच्या घामाची आणि त्याच्या पदरात पडणाऱ्या भाकरीची होती. तीस वर्षांचा आलेख एकाच्या दृष्टीने चढता असेल, पण त्याने दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

तेव्हा यातला काही भाग गैरसमजाचा, हे खरे. बोलणे झाले असते तर तो कदाचित मिटला असता. उरलेला भाग मात्र पुरता समजून-उमजून झालेला मतभेद आहे, आणि त्याला गैरसमज म्हणणे हा जोतीरावांवर अन्याय होतो. अन्याय रानड्यांवरही होतो, कारण मग त्यांना एक तर भोळे ठरवावे लागते, नाही तर कावेबाज.

पत्राच्या शेवटाकडे मात्र आमच्या वर्गांत फारसे लक्ष जात नाही. तुम्हांला खरोखरच सर्वांची एकी करायची असेल, तर सर्व लोकांत परस्परांविषयी अक्षय बंधुप्रीती कशी वाढेल याचे बीज शोधा आणि ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध करा, असे जोतीराव सुचवतात. ग्रंथकारांच्या सभेला नकार देणारा माणूस अखेर ग्रंथच मागत होता. ते पुस्तक लिहिण्याचे काम त्या सभेने अंगावर घेतले नाही.